लिंबाखालचा निष्काळजीपणा

कायदा शिकणारी पोरगी घरात असली की किस्से मेंढराच्या लोकरीत गोखरू अडकावेत तसे साचतात. एक उपटायला जावं, तर चार हाताला लागतात.

माझी नात रेणुका जालन्यात वकिली शिकती. परीक्षेआधी सुट्टी लागली की मैत्रिणीला, पूजाला, घेऊन गावी येती. पूजा नवीन जालन्यातल्या मारवाडी बियाणेवाल्याची पोरगी. दोघी लिंबाखाली वाचत बसतात, मी बाजेवर पडून ऐकतो. सावली अंगावरून सरकत राहती, मधूनच शेळीची घंटी वाजती, अन् कायदा कानात स्वप्नासारखा उतरतो.

पहिल्याच दिवशी कळलं, दुसऱ्याचं नुकसान दोन तऱ्हेनं होतं. एक निष्काळजीपणानं, एक जाणूनबुजून. म्हणलं, एवढ्यासाठी एवढं जाड पुस्तक?

*

दुसऱ्या दिवशी पूजा माझ्या काठीला अडखळून पडली. रेणुका म्हणाली, "आबा, वाटेत काठी ठेवली, हा तुमचा निष्काळजीपणा."

"काठी वीस वर्षं तिथंच पडून राह्यली. पाय नवा आला."

पूजानं गुडघा चोळत ते वहीत लिहून घेतलं.

*

मंग धाकाचा धडा आला. नुसती काठी उगारली अन् समोरचा भ्याला, तरी दावा लागतो म्हणे. मी तवा शेळीवर काठी उगारून उभा. विचारलं, ही भ्याली तर? पूजा म्हणाली, शेळीला दावा लावता येत नाही. बरं झालं. या घरात मला भिणारी ती एकटीच उरली.

*

उन्हात हिंडू नये म्हणून सूनबाई कधीमधी मला घरात घालून बाहेरून कडी लावती. कोंडून ठेवण्याचा धडा आला तशी पूजा म्हणाली, आबा, यावर दावा बराबर बसतो. सूनबाई पीठ मळता मळता म्हणाली, "लावा की. भाकरी बी कोर्टातच मागा."

दावा तिथंच निकाली निघाला.

*

माझा धाकटा भाऊ नामदेव. दर उन्हाळ्यात त्याच्या रानात खतासाठी माझीच मेंढरं बसायची. एका साली त्यानं दुसऱ्याचा कळप बोलावला. सख्ख्या भावाची मेंढरं सोडून! सगळ्या गावानं बघितलं. त्या हिवाळ्यात माझी मेंढरं त्याच्या हरभऱ्यात शिरली, एक घाटा ठेवला न्हाई. मी सगळ्यांना सांगितलं, डोळा लागल्ता. तवापासून बारा वर्षं नामदेव माझ्याशी बोलला न्हाई. रेणुकाकडं कागद वाचून घ्यायला येतो, पण कुंपणाबाहेरच थांबतो.

परवा असाच आल्ता. रेणुका पूजाला प्रश्न घालून राह्यली होती: धनगर झाडाखाली झोपला, मेंढरं दुसऱ्याच्या पिकात शिरली, हे काय झालं? पूजा म्हणाली, निष्काळजीपणा. रेणुका म्हणाली, बिलकुल, हे आमच्या आबांचंच उदाहरण.

कुंपणाबाहेरून नामदेव तिला म्हणाला, "बाई, धनगर झोपल्ता हे बघितलं कुणी?"

मी डोळे मिटलेलेच ठेवले. त्या दिवशीचा हरभऱ्याचा आंबूस वास नाकात आला. मेंढरांच्या दाताखाली घाटे फुटल्याचा बारीक आवाज ऐकू आला. झोपल्यागत पडून राहणं लई सोपं होतं. आणखी बारा वर्षं निघाली असती.

"जागा होतो," मी म्हणलं.

पूजाचं पेन थांबलं. रेणुका माझ्याकडं बघतच राह्यली. फाटक वाजलं. नामदेव आत आला, बाजेपाशी उभा राह्यला.

"सरक," म्हणाला.