म्हैस एक, तोंडं तीन

चंद्रीचं रेडकू पहिल्याच आठवड्यात गेलं आणि म्हैस पान्हा चोरायला लागली. पेंड दाखवून झाली, पाठ चोळून झाली. शेवटी भागूबाईने तिच्या कानाशी तोंड नेऊन ओठ, दात, टाळू सगळं कामाला लावून कसलासा आवाज काढला, ‘ब्-त्स्-क्-त्स्’. चंद्रीने डोळे मिटले आणि बादलीत धार वाजली.

तो आवाज घरात दुसऱ्या कुणाला जमेना. आठ महिने भागूबाईने ना कुणाची हळद पाहिली ना बारसं. सकाळ-संध्याकाळ म्हशीपाशी हजर.

आणि आता चौक गावी दिलेल्या लेकीचं, जागृतीचं, दुसरं बाळंतपण आलं. पहिलं माहेरी झालं होतं. या खेपेला तिचा फोन आला, “आये, दहा दिवस तरी ये गं.”

“येतंय,” म्हणून भागूबाईने फोन ठेवला आणि गोठ्याकडे बघत बसली.

“म्हस इकून टाक,” नवरा पोपट म्हणाला.

“आधी तुमाला इकतंय.”

नववीतली नात श्रद्धा त्या दिवशी धारेच्या वेळी गोठ्याच्या दारात उभी होती. आजीचा आवाज नीट ऐकून ती ओरडलीच, “आजी, हे बीटबॉक्सिंग आहे! लोक क्लास लावतात याचे.”

“म्हशीचे?”

“तोंडाने ढोल-ताशा वाजवायचे!”

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर क्लास सुरू झाला. श्रद्धाने मोबाइलवर बघून फोड करून दिली: ओठ मिटून हवा सोडायची, ‘ब्’, हा ढोल. दात जुळवून ‘त्स्’, ही झांज. जिभेचं मूळ टाळूला लावून ‘क्’, हा ताशा. मुलगा संतोषला ढोल तेवढा जमला, पण समोरच्याच्या तोंडावर तुषार उडायचे. सून नम्रताला झांज यायची, फक्त सासऱ्यांकडे पाठ केल्यावर. ताशा श्रद्धाकडे. तीन तोंडं मिळून एक भागूबाई झाली, तीही आठवड्याने. धार काढायचं पोपटकडे आलं. तो तालावर मान डोलवायचा आणि धार बादलीबाहेर जायची.

“मान नको रं हलवू, बाबा!” संतोष ओरडे.

“तुझा ढोल आधी आवर!”

सकाळच्या धारेला हजर राहता यावं म्हणून कंपनीत संतोषने दुसरी पाळी मागून घेतली, पण तीत संध्याकाळ अडकली. मग संध्याकाळचा त्याचा ढोल श्रद्धाने मोबाइलमध्ये भरून घेतला. चंद्रीने मोबाइल चाटून पाहिला आणि चालवून घेतला.

भागूबाई चौकला गेली. तिसऱ्या दिवशी सकाळीच संतोषचा फोन. “आये, आटतेय म्हस!”

“फोन गोठ्यात न्या. वाजवा बघू.” मांडीवर नवा नातू घेऊन तिने कान लावला. “ताशा उशिरा पडतोय. आणि नम्रता, लाजतेस काय गं? म्हशीसमोर कसली लाज?”

त्यावर पलीकडून झांज अशी खणखणीत आली, की पोपट दचकून बादलीसकट मागे सरकला. धार मात्र लागली.

अकराव्या दिवशी भागूबाई परतली. संध्याकाळी ती गोठ्यात गेली, तशी चंद्रीने मान वळवून कान टवकारले. मागे रजेवरचा संतोष, नम्रता, श्रद्धा तिघं उभे.

“आलात ना आत्या, आता आम्ही सुटलो,” नम्रता म्हणाली.

भागूबाई वाकली. ओठ आपोआप मिटले, गालांत हवा भरली. तेवढ्यात तिला आठवलं, बहिणीच्या नवनाथची हळद पुढच्या महिन्यात आहे, दहिवलीला. त्यानंतर जागृतीकडे बारसं.

तिने हवा गिळून टाकली.

“नाय गं बाई. मोडली माझी सवय. तुमीच वाजवा.”

चंद्री तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. भागूबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि बादलीत धार वाजेपर्यंत काढला नाही.