आठपैकी सात

असं समजा की तुमच्यासमोर दहावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिका आहेत. पंचवीसचा एक गठ्ठा, असे नऊ गठ्ठे. हातात लाल पेन, डाव्या बाजूला बोर्डाने पाठवलेली नमुना उत्तरं. मुलाचं नाव दिसत नाही, गाव दिसत नाही, दिसतं ते फक्त अक्षर. पहिले वीस पेपर तुम्ही उत्साहाने तपासता. चाळिसाव्याला पाठ भरून येते. शंभराव्यापर्यंत वाटायला लागतं की आपण तोच निबंध पुन्हा पुन्हा वाचतोय, आणि खरंच तो तोच असतो, गाईडातला. तरीही एकशे एकाव्या मुलासाठी तुम्ही पहिल्याइतकंच ताजं असायला हवं. त्याचा पेपर गठ्ठ्यात खाली आला यात त्याचा काय दोष? जमेल तुम्हाला?

नीलाताई खांबेट्यांना जमायचं. सतरा वर्षं जमलं. अडचण एवढीच, की बोर्डाने हे काम त्यांना कधी दिलेलंच नव्हतं.

ते दिलं होतं त्यांच्या नवऱ्याला. हरिहर खांबेटे सर डोंबिवलीच्या एका शाळेत मराठी शिकवत. वर्गात उभे राहिले की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे सरकून बसत. भाजी आणायला गेले तर तीन माजी विद्यार्थी भेटत आणि चौथा पिशवी उचलून घरापर्यंत येई. पण पेपर पुढ्यात आले की सरांचा जीव कासावीस होई. पाचव्या पेपराला जांभई, दहाव्याला चहा, आणि पंधराव्यापासून सगळ्यांना निबंधाला पाच. चांगला असो, वाईट असो, पाच.

सुरुवात बेरजेपासून झाली. ती तर शिक्षकाच्या घरोघरी होते. नवरा तपासतो, बायको गुणांची बेरीज करते, मुलगी मोठी असेल तर ती पुन्हा पडताळते. त्याला कुणी गुन्हा मानत नाही. नीलाताई मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, कॉलेजात पहिल्या. बी.एड.ला प्रवेशही मिळाला होता. त्याच वर्षी सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि तो प्रवेश तसाच राहिला. मग एका मार्चमध्ये सरांना कावीळ झाली. गठ्ठे घरात येऊन पडलेले, परत करायला नऊ दिवस उरलेले.

"तू वाच आणि मला सांग," अंथरुणातून सर म्हणाले. "मी गुण सांगतो."

तिसऱ्या पेपराला सर झोपले. नीलाताईंनी पेन उचललं.

त्यांची पद्धत त्यांनी स्वतःच बसवली होती. एक पेपर सलग तपासायचा नाही. आधी सगळ्या गठ्ठ्याचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. म्हणजे एकाच उत्तराला एका मुलाला दोन आणि दुसऱ्याला तीन असं होत नाही. दर दहा पेपरांनंतर उठून गठ्ठ्यातला पहिला पेपर पुन्हा उघडायचा. दिलेले गुण आताही तेवढेच वाटतायत का? वाटत नसतील तर मधल्या काळात हात आवळलाय किंवा सैल पडलाय. मग पुन्हा मागे जायचं. टेबलावर चहा नाही, जेवणाचं ताट तर लांबच. निबंध सकाळी, डोकं थंड असताना. व्याकरण दुपारी.

त्या वर्षी वरच्या नियामकांनी सरांच्या गठ्ठ्यांत एकही फरक काढला नाही. नियामक म्हणजे तपासलेल्यातले काही पेपर पुन्हा तपासणारे. त्यांची शाई हिरवी. खांबेटे सरांच्या पेपरांवर हिरवी शाई उमटलीच नाही. पुढल्या वर्षी सर ठणठणीत होते, तरी गठ्ठे आले ते थेट नीलाताईंच्या टेबलावर. कुणी काही ठरवलं नाही. कुणी काही बोललंही नाही. सर फक्त शेवटच्या पानावर सही करत.

एकदा शाळेने सरांचा सत्कार केला. अचूक तपासणीबद्दल. सर शाल खांद्यावर टाकून घरी आले आणि नारळ नीलाताईंच्या हातात देत म्हणाले, "हा तुझा. शाल मी ठेवतो, मला थंडी वाजते."

नीलाताई हसल्या. नारळाच्या वड्या केल्या. पण वड्या थापताना त्यांच्या मनात आलं, की ज्या मुलांचे हे पेपर आहेत त्यांना विचारलं असतं, मी तपासलेलं चालेल का, तर ती हो म्हणाली असती का?

त्यांचा मुलगा सुश्रुत सॉफ्टवेअरमध्ये. तो कॉलेजात असल्यापासून चिडवायचा, "आई, बोर्डाला कळलं ना, तर तुम्हा दोघांना एकाच कोठडीत टाकतील. बाबा तिथेही म्हणतील, नीला, जरा हजेरी घे."

"गप रे," नीलाताई म्हणत. "पेपराला हात लावू नकोस, हाताला तेल आहे तुझ्या."

सरांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलेलं असताना तो पेपर आला.

नळाचं आत्मवृत्त लिहा, असा प्रश्न होता. आठ गुण, शंभर-सव्वाशे शब्द. दोनशे मुलांनी लिहिलं होतं, 'होय, मी नळ बोलतोय. पाणी हे जीवन आहे.' आणि मग वाकड्यातिकड्या अक्षरात आठ ओळींचं एकच उत्तर:

'मी नळ आहे. माझ्याखाली रोज सकाळी अकरा हंडे येऊन बसतात. मी बोलावं म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मला बोलता येत नाही असं नाही. पण वर कुणीतरी बसलेला आहे, तो माझा आवाज बंद करून ठेवतो. परवा एका आजीने माझ्या तोंडाला फडकं बांधलं, ठिबकू नये म्हणून. मी ठिबकत नव्हतोच. पण तिला बरं वाटावं म्हणून मी ते बांधून घेतलं.'

खाली पान कोरं.

नीलाताईंनी ते एकदा वाचलं. उठून गॅलरीत जाऊन आल्या. पुन्हा वाचलं. शब्द मोजले, साठसुद्धा भरत नव्हते. नमुना उत्तरांत स्पष्ट सूचना होती, निम्म्याच्या आसपास लांबी असेल तर चारपेक्षा जास्त देऊ नयेत. एक शब्द चुकीचा लिहिलेला. त्यांनी एक गुण कापला आणि सात दिले. आणि सतरा वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. समासात, शेवटच्या ओळीशेजारी, बारीक अक्षरात लिहिलं, 'वा'.

बोर्डाच्या पेपरावर शेरा लिहायचा नसतो. हे नीलाताईंना पाठ होतं. पण हाताने लिहूनच टाकलं, आणि लाल शाई पुसता येत नाही.

आठवड्याने सरांना फोन आला. नियामक आसावरी मॅडमचा. ठाण्याच्या एका शाळेत पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या, आणि त्यांच्या हाताखालचे शिक्षक त्यांचा फोन बसून घेत नसत, उभं राहून घेत. तपासणीचं केंद्र कळव्याच्या एका शाळेत होतं. उद्या दुपारी या, एका पेपराबद्दल बोलायचंय, एवढंच त्या म्हणाल्या.

"कुठला पेपर?" सरांनी फोन ठेवून विचारलं.

नीलाताईंना विचारावं लागलं नाही. त्यांनी निबंध तोंडपाठ म्हणून दाखवला.

"सुरेख आहे गं," सर म्हणाले. मग म्हणाले, "पण सात?"

"सात."

"अगं, सूचना चारची आहे."

"लांबीची सूचना आहे ती. हे लांब केलं तर बिघडेल. तुम्हीच वर्गात सांगता ना, कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे?"

संध्याकाळी दोघं समोरासमोर बसले. नीलाताई आसावरी मॅडम झाल्या आणि सर सर राहिले. सात का दिले? शेवटच्या वाक्यामुळे. शेवटच्या वाक्यात काय आहे? सर अडखळले. "नळाला... दया येते?"

"दया नाही हो! त्याला माणसाची लाज राखायची आहे."

"हां, लाज. लिहून दे मला."

नीलाताईंनी लिहून दिलं नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना स्वतःचाच राग आला होता. एवढा चांगला शिक्षक, आणि आपण त्याला नापास व्हायला शिकवलं.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मी येते बरोबर. बाहेर बसेन."

कळव्याच्या शाळेत पंढरी नावाच्या शिपायाने त्यांना वर्गाबाहेरच्या बाकावर बसवलं. "बसा बाय, पंखा लावतो. सर आत जा, मॅडम सकालपासून तापल्यात." दार अर्धं उघडं होतं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"सर, तुमचे पेपर मी तीन वर्षं बघते," आसावरी मॅडम म्हणाल्या. "एक टिंब चुकलेलं नाही. आणि हे काय? साठ शब्दांना सात? आणि हा 'वा'? मुशायऱ्यात बसला होतात का?"

"चुकून झालं," सर म्हणाले.

"का दिलेत सात?"

बाहेर नीलाताईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. म्हणा ना, त्या मनात म्हणत होत्या. लाज म्हणा.

"लक्ष नसावं माझं," सरांचा आवाज आला. "तुमचं बरोबर आहे. चार करा. मी दुरुस्तीची सही करतो."

बस, एवढंच होतं. एक सही, आणि दोघं बाहेर येऊन उसाचा रस पिऊन घरी गेले असते. सरांचं नाव स्वच्छ, एक वर्षाने निरोपसमारंभ, आणखी एक शाल. फक्त कुठल्यातरी मुलाचे तीन गुण गेले असते, आणि त्याला ते कधी कळलंही नसतं.

नीलाताई दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"चार का?"

आसावरी मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण?"

"कमी लिहिलंय म्हणून चार? तुम्ही शेवटची ओळ वाचलीत ना? त्या नळाकडे द्यायला काही नाही. तरी तो आजीला तिचं फडकं बांधू देतो. पंधरा वर्षांचं पोर हे लिहितं, आणि आपण शब्द मोजायचे?"

"नीला," सर हळूच म्हणाले.

आसावरी मॅडमनी पेपर पाहिला, मग नीलाताईंकडे, मग सरांकडे. लाल पेन त्यांच्यापुढे ठेवलं आणि एक कोरा कागद. "सर, जरा 'वा' लिहून दाखवा."

सरांनी पेन उचललं नाही. खुर्चीतून उठून उभे राहिले, जसे त्यांचे विद्यार्थी चूक कबूल करायला उभे राहत. "माझं नाही ते अक्षर. ह्या पेपरांवरचं काहीच माझं नाही. सही सोडून. सतरा वर्षं."

पंढरी पाण्याचे ग्लास घेऊन आला आणि तसाच परत गेला.

आसावरी मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नीलाताईंना म्हणाल्या, "तपासता तुम्ही उत्तम. म्हणूनच मला जास्त वाईट वाटतंय. उद्या एखाद्याने शेजारच्या माणसाला पेपर तपासायला दिले, आणि तो तुमच्यासारखा नसला, तर मी कुठल्या तोंडाने अडवू?"

मॅडमचं बरोबर होतं, आणि पेपरांपुढे बसून नीलाताईंना तेच वाटत आलं होतं, बऱ्याच वर्षांपासून.

"हे सगळे पेपर आता दुसऱ्याकडून पुन्हा तपासले जातील," मॅडम अहवालाचा कागद ओढत म्हणाल्या. "पहिल्यापासून."

"मग ह्याचे सात?"

"ते मी तुम्हाला सांगू शकत नाही, बाई." त्यांचा आवाज जरासा खाली आला. "तुमचा ह्या पेपराशी काय संबंध?"

सरांचं बोर्डाचं काम बंद झालं. शाळेकडून लेखी ताकीद आली. निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापकांचं भाषण आटोपशीर झालं. मुलांनी मात्र सरांना अर्धा तास दारातून हलू दिलं नाही. घरी आल्यावर सर म्हणाले, "या वेळी नारळ नाही गं." नीलाताई म्हणाल्या, "वड्या विकत आणा. खातेच आहे मी."

त्यांच्यावर सर कधी रागावले नाहीत. एकदाच म्हणाले, "तू आत आलीस म्हणून मला खरं बोलता आलं. मी एकट्याने केले असते चार."

"माहीत आहे मला," नीलाताई म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

आता मार्चमध्ये टेबल रिकामं असतं. पहिल्या वर्षी नीलाताईंनी सवयीने ते पुसून ठेवलं होतं, डाव्या बाजूला जागा सोडून. सुश्रुतने म्हणून पाहिलं, आई, ऑनलाइन काहीतरी कर, निबंध तपासायचे क्लास घे. त्या म्हणाल्या, आधी बी.एड.चा फॉर्म कसा भरतात ते बघ. तो हसला, तर त्या हसल्या नाहीत. मग तो खरंच फॉर्म शोधायला बसला.

पण निकालाच्या दिवशी त्यांचं लक्ष कशात लागत नाही. ते मूल मुलगा की मुलगी, त्यांना ठाऊक नाही. दिवा स्टेशनच्या बाजूचं असेल का, जिथे सकाळचे अकरा हंडे कुणालाच नवल नाहीत, की आणखी कुठलं, तेही नाही. कॉलेजात असेल आता. लिहीत असेल किंवा नसेल. सर वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात, आणि नीलाताई चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवताना दरवर्षी तेच विचारतात.

"अहो, त्याचे सात राहिले असतील का हो?"