फंक्शन माझं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझी दाढ दुखायच्या आधी कळतं. आज सांगतो.

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या एका कंपनीत मी डेटाबेस सांभाळतो. सुट्या भागांचा एक रिपोर्ट रोज सकाळी कारखान्याला लागतो. तो एकाएकी रखडायला लागला. त्याची क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती मागवणारा कोड, मुग्धाने लिहिली होती. मुग्धा साताऱ्याची, वर्षाच्या करारावर आलेली, मला दादा म्हणायची. पण क्वेरीत तिने एक फंक्शन, म्हणजे आधीच लिहून ठेवलेला हिशेबाचा तयार तुकडा, वापरलं होतं — आणि ते कुणाचं? माझं.

असं फंक्शन आमचा डेटाबेस उघडून बघत नाही. प्रत्येक ओळीसाठी ते नव्याने चालवतो, आणि क्वेरी कशी चालेल याचा जो आराखडा देतो, त्यात त्याला लागणारा वेळ जवळजवळ शून्य दाखवतो. म्हणजे वेळ खाणार माझं फंक्शन, आणि दिसणार तिची क्वेरी. मी ते काढून पाहिलं होतं. रिपोर्ट झरकन आला होता.

दुसऱ्या दिवशी बैठकीत डच मॅनेजरने सरळ विचारलं, चूक कुठे आहे? मुग्धा माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, क्वेरी नीट लिहायला हवी होती. एवढंच. माझी नोकरी तर कायमची होती — काय बिघडलं असतं माझं? दोन दिवस लाज वाटली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातला चोर मी.

तिचा करार वाढला नाही. इथे जाणाऱ्यानेच सगळ्यांचं तोंड गोड करायचं असतं. तिने नारळाच्या वड्या आणल्या. माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "दादा, नेमकं कुठे चुकलं माझं? खरं सांग, पुढच्या जॉबला उपयोग होईल."

मी म्हणालो, "तक्ते जोडलेस ना, ते जॉइन जरा जड झाले होते तुझे." तिने मान डोलावली. आणि मी — मी अजून एक वडी घेतली.

ती गेल्यावर मी फंक्शन गुपचूप बदललं, डेटाबेसला ते क्वेरीतच मिसळून घेता येईल असं. रिपोर्ट पळायला लागला. सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं. तेही मी घेतलं.

मुग्धा आता पुण्यात आहे. डेटाबेसचं काम तिने सोडलं. आपल्याला ते जमत नाही, असं म्हणते.

तिला ते जमत होतं. माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं, आणि हे मला त्या बैठकीतही माहीत होतं.