मामांची लोहाची बाटली

छाटणी झाली की आमच्या दिंडोरीकडे द्राक्षाच्या काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावतात. हातमोजे घालायचे आणि जिथून फूट हवी नेमका तोच डोळा माखायचा. औषध जहाल. त्या दिवशी लावणाऱ्यानं दारूला शिवायचं नाही, हे बागेत सगळ्यांना पाठ असतं.

मामांच्या आतड्याच्या कॅन्सरवर नाशकात केमो सुरू होती. निम्मे डोस झाले आणि पुढच्याला येणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. फोनवर व्हिडिओ आला होता, लोखंडाचे नॅनो कण कॅन्सरच्या पेशी मारतात म्हणून. मागोमाग लोहाचं टॉनिक विकणारा आला, आणि मामांनी त्याच्याकडून एक बाटली घेतली. पान पिवळं पडलं की वेलीला फेरस म्हणजे लोहच देतो, मग माणसाला का नाही, असं मामांचं म्हणणं.

मी फवारणीच्या मजुरांना मास्क द्या म्हणून गावोगाव पत्रकं वाटणारी. मामांशीही पत्रकासारखीच बोलले. लूट, फसवणूक, मरणाचा धंदा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी ते संशोधन खोटं हाय?"

इथे मी अडले. संशोधन खोटं नव्हतं, आणि माझा खरा संताप त्याचाच होता. या लुटारूंना निव्वळ थाप मारावी लागत नाही, अर्धं खरं पुरतं. पत्रकात अर्ध्या खऱ्याला जागा नसते.

मग आवाज खाली आणून सांगितलं. पेशीच्या आवरणात तेलकट अंश असतो. लोखंडाचा कण आत शिरला की तिथे अशी रासायनिक क्रिया पेटते, की तो अंश तेल खवट व्हावं तसा बिघडतो. आवरण फाटतं, पेशी मरते. पण कण गाठीतच पोचायला हवा. ते प्रयोग अजून बरेचसे प्रयोगशाळेत, उंदरांवर चाललेत. प्यायलेलं लोह गाठ शोधत जात नाही. उलट कॅन्सरच्या पेशीलाही वाढायला लोह लागतंच.

मामांना पटलं नव्हतं.

"मामा, काडीच्या डोळ्याची पेस्ट बागेच्या ड्रिपमधून, पाण्याबरोबर सोडाल?"

"येडी हायेस का? बाग जळंल सगळी."

लसूण सोलणाऱ्या मामीनं मान वर केली नाही. "बागेचं बरं कळतं ह्यांना," एवढंच म्हणाली.

मामा उठले. बाटली घेऊन बाहेर गेले आणि शेडजवळच्या पिवळ्या पडलेल्या वेलीच्या बुडाशी ओतून आले. वाया कशाला घालवायची, म्हणाले.

सकाळी माझ्या गाडीवर मागे बसून ते नाशकाला आले. हॉस्पिटलच्या फाटकाशी उतरताना त्यांनी विचारलं, "ते खरंवालं औषध कधी येईल?"

"माहीत नाही, मामा."

"मग पत्रकात तसंच लिही," ते म्हणाले आणि पिशवी घेऊन आत चालू लागले.