एका तारेवरचं शहर

मिल्टन कीन्स या आखून वसवलेल्या ब्रिटिश शहरातल्या पहिल्या वर्षी माझे दिवसच्या दिवस कुणाशी न बोलता जात. नवरा सकाळी गाडी घेऊन ऑफिसला जाई. मला ड्रायव्हिंग येत नव्हतं. पायी चालणाऱ्यांसाठी वेगळे लाल रस्ते होते, रेडवे म्हणत त्यांना. तासभर चाललं तर एखादा माणूस भेटे, तोही आपल्या कुत्र्याशी बोलत असे. पुण्यात मी बारा वर्षं गाणं शिकले होते. इथे आल्यापासून सा सुद्धा लावला नव्हता.

लायब्ररीत एका वर्गाची नोटीस दिसली: प्राचीन ग्रीक शहरं, मंगळवारी दुपारी. ग्रीकांशी माझं काय देणंघेणं? पण दोन तास माणसांत बसायला मिळेल, म्हणून नाव घातलं.

शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे, रिटायर्ड टाउन प्लॅनर. आम्ही पाच जण. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी एक लांबट पेटी आणली, तिच्यावर एकच तार. तार छेडली. मग तारेखालची लाकडी घोडी बरोबर मध्यावर सरकवून पुन्हा छेडली. तोच स्वर, वरचा. मग तारेचा दोन तृतीयांश भाग मोकळा ठेवून छेडली.

"पंचम!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"गाऊन दाखवाल?" त्यांनी विचारलं.

मी उभी राहिले. पहिल्यांदा आवाज फाटला. दुसऱ्यांदा सा लागला, मग प. मला रडू येईलसं वाटलं, म्हणून पटकन खाली बसले.

ते सांगू लागले, "ग्रीकांना हीच प्रमाणं घराच्या प्लॉटला आणि रस्त्यालाही हवीशी वाटत, असं काही अभ्यासक मानतात. त्यांच्या भाषेत कायदा आणि गाण्याची चाल यांना शब्द एकच. आणि शहर केवढं असावं? तर दवंडीवाल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढंच."

वर्ग सुटल्यावर ते माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत आले.

"हे शहर आखणाऱ्यांत मीही होतो, अगदी ज्युनियर," ते म्हणाले. "दोन मोठ्या रस्त्यांमध्ये साधारण किलोमीटरभर अंतर ठेवलं. गाडीला एक मिनिट. माझी बायको गाडी चालवत नसे. ती म्हणायची, इथे हाक मारायची तरी कुणाला? मी हसायचो."

"आता त्या...?"

"चार वर्षं झाली जाऊन."

बस आली. "पुढच्या मंगळवारी भेटू," एवढंच म्हटलं.

पुढच्या मंगळवारी दारावर चिठ्ठी होती: माणसं कमी म्हणून वर्ग बंद. ते ग्लासगोला मुलीकडे राहायला गेले, हे लायब्ररीतल्या बाईंकडून नंतर कळलं. त्यांचा पत्ता मी कधी घेतलाच नव्हता.

त्या आठवड्यात मी रियाज सुरू केला. नवरा गेला की खिडकी उघडायची आणि तासभर गायचं. समोर घरांची रांग होती. आम्ही तिथे आणखी तीन वर्षं राहिलो. कुणी तक्रार केली नाही, आणि कोण गातं असंही कुणी विचारलं नाही.