देविदासच्या रेकॉर्डी आणि माझी अकरा इंजेक्शनं

पूनमचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. मी निवृत्त माणूस, हिंगोलीतल्या घरी उशिरानं दाढी करत बसलो होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली आणि मग फोन दुसऱ्याच कुणीतरी घेतला. शाळेकडे पायी जाताना, शिरड शहापूरच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॅक्टरनं देविदासला मागून धडक दिली होती. दोन ट्रॉल्या गच्च भरलेल्या, त्यात उतार. मी पोचलो तेव्हा ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला बसून रडत होता आणि येईल त्याला एकच सांगत होता, "म्या हॉर्न देला हो. सारखा हॉर्न देऊन राहिलो व्हतो. मास्तर बाजूलाच न्हाई झाले." खोटं बोलत नव्हता बिचारा. देविदासला हॉर्न ऐकू येणं शक्यच नव्हतं. गेली नऊ वर्षं त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. तो बहिरा कसा झाला आणि त्यात माझा हात किती, हे सांगायला आज सहा आठवड्यांनी लिहायला बसलोय. त्याच्या शिकवण्याबद्दल, स्वभावाबद्दल त्याचे विद्यार्थी लिहितील. हे मात्र मलाच लिहावं लागणार.

नव्वदच्या आसपास माझी बदली शिरड शहापूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात झाली. मी कंपाउंडर. एका चाळवजा ओळीत दोन खोल्या मिळाल्या आणि शेजारच्या दोन खोल्यांत देविदास राहत होता, हायस्कुलात इंग्रजी शिकवणारा तरुण मास्तर, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. डिसेंबरचे दिवस होते. पहिल्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून एका बाईचा आवाज आला. भाषा इंग्रजी, मागं बारीक घंटा वाजताहेत, आणि ती बाई अशी गाते आहे की जणू लेकराला थोपटते आहे. आमच्या धनगरवाड्यात मी ढोल ऐकत वाढलो, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. मी दार वाजवलं. उंच, सडपातळ देविदास दारात आला आणि म्हणाला, "आवाज लई होऊन राहिला का, भाऊ? कमी करू?" मी म्हटलं, "कमी काहून? दार उघडं ठेव."

त्याच्याकडे नाताळाच्या गाण्यांच्या रेकॉर्डी होत्या. फक्त नाताळाच्या. पुढं ती संख्या सत्तरच्या वर गेली. देविदास जवळच्याच एका तांड्यावरचा, घरात सात पिढ्यांत कुणी चर्च पाहिलेलं नाही. पण तो लहान असताना आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यातच परत यायचे, म्हणून त्याला एका मिशनच्या बोर्डिंगात ठेवलं होतं. नाताळाच्या सुटीत सगळी पोरं घरी जायची. हा कुठं जाणार? तांड्यावर घराला कुलूप. मग वॉर्डनबाई त्याला आपल्या खोलीत बोलवायच्या, रेकॉर्ड लावायच्या आणि पुढ्यात करंज्यांची ताटली ठेवायच्या. "माझ्या मायचा आवाज सहा-सहा महिने कानावर पडत नव्हता, भाऊ," तो एकदा म्हणाला, "तवा ह्या बाईचा पडायचा." त्या गाणाऱ्या बाईला तो मावशी म्हणायचा. खोल, जाड आवाजाचा एक गवई होता, ते थोरले मामा. त्यांची खरी नावं त्याला पाठ होती, कुठल्या साली कुणी काय गायलं हेही तोंडपाठ होतं, पण घरात नाती हीच. तांड्यावर कुजबुज सुरू झाली की मास्तर बाटला. त्यानं हसून सांगितलं, "मी काय धरम बदलून राहिलो? मी गाणं ऐकून राहिलो." होळीला तो तांड्यावर जाऊन सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गायचा. मग लोकांनीही नाद सोडला.

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत तो हैदराबाद-सिकंदराबादला जायचा. रेल्वेच्या वसाहतीत जुनी अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. त्यांची मुलं एकेक करून परदेशी निघाली होती आणि निघताना घरातलं सामान काढून टाकत होती. देविदास दारोदार जाऊन विचारायचा. एका म्हाताऱ्या बाईनं त्याला आधी चहा पाजला, मग एकेक रेकॉर्ड स्वतः लावून दाखवली आणि शेवटी रडत रडत सगळी पेटी दिली. रविवारच्या जुन्या बाजारात तो फुटपाथवर उकिडवा बसून ढिगारे उपसायचा. घरी आणलं की कोमट पाण्यानं धुवायचं, मऊ धोतराच्या फडक्यानं पुसायचं आणि खताच्या गोणीच्या आतलं जाड प्लास्टिक कापून त्याची पिशवी शिवायची. कव्हरांवर बर्फ, देवदार, लाल टोपीतली माणसं. बाहेर तुरीला शेंगा धरलेल्या. कमलवहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना वाटलं, नवऱ्याला कुठला तरी आजार आहे. वर्षभरानं त्याच थोरल्या मामांच्या सुरावर भाकरी थापायला लागल्या.

आजार नंतर आला. नव्वदचं दशक सरत असताना देविदासला क्षय झाला. एकदा बरा झाला आणि वर्षाच्या आत उलटला. पूनम तेव्हा तीन वर्षांची. उलटलेल्या क्षयाला त्या काळी गोळ्यांबरोबर रोज एक इंजेक्शन असायचं, साठ दिवस. ते मी द्यायचो. सकाळी शाळेआधी तो दवाखान्यात यायचा, एक दिवस डाव्या कुल्ल्यावर, एक दिवस उजव्या. दुखायचं फार. तो आमच्या टेबलाची कड धरून थोरल्या मामांचं काहीतरी गुणगुणायचा.

महिना झाला असेल. बत्तिसावं इंजेक्शन होतं, मला नक्की आठवतं, कारण कागदावर मी खूण करत होतो. तो म्हणाला, "भाऊ, मावशीच्या रेकॉर्डीतल्या घंटा गेल्या."

"गेल्या म्हंजे?"

"वाजतच न्हाईत. सुई झिजली वाटते. रविवारी हैदराबादला जाऊन नवी आणतो."

माझ्या हातातली सिरिंज तशीच राहिली. मला माहीत होतं... आम्हाला शिकवलं होतं. ह्या औषधानं कान जाऊ शकतात, आधी बारीक, उंच आवाज जातात, रोग्यानं तसं म्हटलं की ताबडतोब डॉक्टरांना सांगायचं. मी सांगितलं नाही. त्याच वर्षी औषध अर्धवट टाकलेले दोन रोगी माझ्या डोळ्यांदेखत गेले होते. त्यातला एक देविदासच्याच तांड्यावरचा, त्याच्याच वयाचा. इंजेक्शन बंद झालं की देविदासही तसाच जाईल, असं माझ्या मनानं घेतलं. कान गेले तरी माणूस जगतो, असं मी ठरवून टाकलं. त्याला न विचारता, त्याच्या वतीनं ठरवून टाकलं. तो रविवारी हैदराबादला जाऊन नवी सुई घेऊन आला. घंटा वाजल्या नाहीत. "दुकानदारानं फसवलं," तो म्हणाला. मी मान हलवली आणि सुई टोचली... त्या बत्तिसाव्यानंतर मी अकरा इंजेक्शनं दिली. बाराव्या दिवशी तो टेबलाला धरून उभा होता आणि मी मागून हाक मारली, तर त्यानं वळूनच पाहिलं नाही. तेव्हा मी पळत डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी ते औषध तत्काळ बंद केलं, दुसरं सुरू केलं. "आठ-दहा दिवस आधी कळलं असतं तर..." असं म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "तर काय झालं असतं, हेही सांगता येत नाही." तेवढ्या अर्ध्या वाक्यावर मी इतकी वर्षं काढली आहेत.

कान एकदम गेले नाहीत, उतरत गेले. पुढचे तीन-चार महिने देविदास वेड्यासारखा वागला. नळ जाणार म्हणून घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवावं, तसं त्याला सगळं ऐकून ठेवायचं होतं. रजा टाकून तो स्पीकरला कान लावून बसायचा, आवाज पूर्ण मोठा. शेजारीपाजारी ओरडायचे, पूनम घाबरून रडायची. एक रेकॉर्ड संपली की डोळे मिटून ओठ हलवायचा, पाठ झाली का बघायचा. आणि नेमकं तेव्हा गावात आठ-आठ, दहा-दहा तास वीज जायची. वीज गेली की तो मीटरच्या पेटीवर हात आपटायचा. एकदा विजेच्या कार्यालयात जाऊन साहेबापुढं हात जोडून उभा राहिला. साहेबाला वाटलं, घरात कुणी सलाईनवर आहे.

एका दुपारी तो माझ्याकडे आला, चेहरा पांढरा. "भाऊ, मावशी जाऊन राहिली. आज ऐकली न्हाई तर मंग न्हाईच." गावात वीज नव्हती. मला आठवलं, शिवारात मोटारीच्या लाइनला दुपारी वीज असते. रेकॉर्ड प्लेअर गोधडीत गुंडाळून माझ्या लुनावर बांधला, तो मागं स्पीकर मांडीवर घेऊन बसला. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवर गेलो. मोटारीच्या घरघरीत काही ऐकू येणार नाही म्हणून मोटार बंद करायला सांगितली. तो माणूस तडकलाच. "मास्तर, तीन तास लाइन असते. गव्हाला पाणी धरलंय. गाणं ऐकायला मोटार बंद करू?"

देविदासनं त्याचे पाय धरले. त्याच्या पोराला तो शिकवत होता, तरी धरले. शेतकरी कावराबावरा झाला. "उठा हो, मास्तर, उठा... एक बाजू ऐका. एकच. पलटायची न्हाई."

मोटार थांबली. स्टार्टरच्या पेटीतून वायर काढली, रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवली. मावशी गायला लागली. मोटारीच्या त्या चार फुटांच्या खोलीत तिचा आवाज इतका भरला की दारात उभा असलेला शेतकरीही टोपी काढून उभा राहिला. देविदास स्पीकरला कान चिकटवून गुडघ्यावर बसला होता. एक गाणं झालं. दुसरं निम्मं झालं. मग त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सुरू झालं का, भाऊ?"

मी मान हलवली, हो. त्यानं पुन्हा कान लावला. रेकॉर्ड संपेपर्यंत तसाच होता. शेतकऱ्यानं बाजू संपल्यावरही मोटार सुरू केली नाही. मला हळूच म्हणाला, "दुसरी बी लावा." मी लावली नाही. लावून काय करणार होतो?

क्षय बरा झाला. शाळेनं त्याच्याकडून वर्ग काढून घेतला आणि ग्रंथालय दिलं. पोरं मागून चाळे करायची, त्याला कळायचं. पण सुटी लागली की तो हैदराबादला जायचाच. ऐकू न येणारा माणूस रेकॉर्डी आणत राहिला. पूनम सात-आठ वर्षांची झाल्यावर तिला तो समोर बसवायचा आणि नवी रेकॉर्ड लावायचा. ती ऐकून वहीत लिहायची: इथं बाई हसल्यासारखी गाते. इथं पुष्कळ पोरं एकदम. इथं कुणीच नाही, नुसती पेटी. देविदास वही वाचायचा आणि फिरत्या रेकॉर्डीकडे बघत राहायचा. एकदा माझ्यासमोर त्यानं तिला विचारलं, "घंटा हायेत का?" तिनं मान हलवली. तो इतका खूश झाला की मी उठून बाहेर गेलो.

त्याला मी कधीच सांगितलं नाही. आम्ही सगळे त्याच्याशी पाटीवर लिहूनच बोलायचो, तसं लिहून सांगता आलं असतं. नऊ वर्षांत कितीदा खडू हातात घेतला आणि "जेवण झालं का" असं लिहून परत दिला.

मागच्या आठवड्यात कमलवहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. बत्तिसावं, घंटा, अकरा दिवस. त्या गहू निवडत होत्या. हात थांबले. म्हणाल्या, "तुमी इंजेक्शन देलं म्हून ते नऊ वर्षं राहिले, असं मी समद्यांना सांगत आले, भाऊ. तुमचं नाव देवासारखं घेतलं." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "हे मला सांगायला नको व्हतं. ते असताना त्यांना सांगायचं व्हतं. आता हे मी कुठं ठेवू?"

मी उठणार तेवढ्यात पूनम शाळेतून आली. दप्तर टाकलं, पाणी प्यायली आणि रेकॉर्डींच्या खोलीकडे गेली. त्या खोलीत देविदास दाराकडे पाठ करून बसायचा. मागून कुणी खांद्याला हात लावला की दचकायचा. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एक सवय लावून घेतली होती: दारातली शहाबादी फरशी सैल आहे, तिच्यावर दोनदा पाय आपटायचा. हादरा त्याच्या बसल्या जागेपर्यंत पोचायचा आणि तो वळून बघायचा.

पूनमनं दारात थांबून दोनदा पाय आपटला. त्याला वळायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ ती तिथं उभी राहिली. मग आत गेली.