कोणाचीच नसलेली आत्या

मिमिक्री करणाऱ्या पोट्ट्यानं स्मृतिलेख लिहिला म्हणजे तुम्ही हसाच्या तयारीनं बसले असान. थांबा. दिग्रसचा म्हातारा म्हणजे कापूस अन् जिनिंग येईन, असंबी वाटलं असन. तेबी नाही. यात समुद्र आहे. आमच्या दिग्रसपासून समुद्र किती दूर, हे आमच्या मास्तरलेबी धड सांगता येत नव्हतं. पण शेजारचे शामरावकाका अर्धं आयुष्य त्याच्यावरच राह्यले. मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. जहाजाचा एकेक निरोप त्यायच्या बोटाखालून जाय.

ते गेले तेव्हा मी बसस्टँडवर पुसदच्या कंडक्टरची नक्कल करून राह्यलतो. आईचा फोन आला. "मन्या, शामरावभाऊ उठून नाही राह्यले रे..." मी फोन खिशात टाकला. लोक म्हणे, पुढचं कर न बे.

आमची ओळखच नकलेतून झाली. काकी गेल्यावर घरात काका एकटेच. पोरगा पुण्याले, पोरगी वर्षाताई नागपूरले. मी गल्लीत त्यायचं खाकरून बोलणं काढत होतो, ते त्यायनं खिडकीतून ऐकलं. मले वाटलं, आता बसते कानाखाली. तर म्हणे, "खाकरणं जमलं. बाकी कच्चं आहे. आत ये."

मंग रोज संध्याकाळी एकच गोष्ट. व्हिएतनाममधून लोक लाकडी नावेतून जीव घेऊन पळत होते, तवाची. अशीच एक नाव काकाच्या जहाजाले भर समुद्रात दिसली. इंजिन बंद, प्याचं पाणी संपलेलं. एकतीस माणसं वर घेतली. पण बंदरापाशी आले तर तिथला साहेब म्हणे, यायले कोणता देश नेईन ते लिहून आणा, तोवर एक पाय जमिनीवर टेकू देत नाही. जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्याच्या वकिलातीचा साहेब लाँचमधून ये अन् म्हणे, सारेच्या सारे आम्ही नेत नाही. नऊ दिवस जहाज नांगरलेलं, नऊ दिवस बोलणी. मी सगळ्यायचे आवाज काढत होतो. बंदराचा साहेब नाकातून, वकिलातीचा तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा, कॅप्टन गुरगुरत. काका हसून हसून चष्मा पुसत.

शेवटी वकिलातीचा साहेब म्हणे, कुटुंबं तेवढी नेतो, सुटं माणूस नाही. यादी काकानं केली. त्या लोकायत एक म्हातारी होती, एकटीच. काका तिले पहिल्या दिवसापासून आत्या म्हणत. आपल्याकडं म्हाताऱ्या बाईले नावानं हाक कोण मारते? तर यादी टाइप करता करता नात्याच्या रकान्यात त्यायनं सवयीनं आत्याच ठोकून देलं! साहेब भडकला, "कोणाची आत्या?" चूक कबूल केली तर म्हातारी जहाजावर राहते, अन् यादीच खोटी म्हणून बाकीचे तीसबी लटकतात. बाजूले त्यायच्यातलाच एक लेकुरवाळा गडी उभा होता. काकानं त्याच्याकडं बोट केलं, "याची." गड्याले शब्द समजला नाही, पण त्यानं म्हातारीचा हात धरला... साहेबानं सही केली.

इथं मी टाळ्या वाजवत होतो. काका नाही. एक डाव म्हणे, "तू साऱ्यायचा आवाज काढतो, तिचा काहून नाही काढत?"

"ती बोललीच कुठं, काका?"

"हो न. दोन देश तिच्यावर बोलले. बाई, तुले कुठं जाचं आहे, हे कोणीच इचारलं नाही. मीबी नाही. एखाद्यावेळी तिचा पोरगा तिसऱ्याच देशात वाट पाहत असन..."

या हिवाळ्यात काकाची छाती भरली. आवाज पार बसला. बहीणभावाचं फोनवर सुरू झालं, पुण्याले न्याचं का नागपूरले. काका म्हणे, "माह्यीबी यादी टाइप होऊन राह्यली." त्यायले घर सोडाचं नव्हतं. फोन बटणाचा, चेहरा दिसत नाही. मले म्हणे, "वर्षा आवाजावरून सारं ओळखते. मी बरा होईपर्यंत तू बोल."

पंधरा दिवस रोज सात वाजता मी शामरावकाका झालो. जेवलो, गोळी घेतली, थंडी आहे. काका बाजूले बसून मान हलवत. एक दिवस त्यायचा डोळा लागला होता. तवाच वर्षाताई रडाले लागली. म्हणे, "बाबा, आईच्या वेळी मी आली नाही... तुमच्या मनात आहे न ते?" मी काकाले हलवलं नाही. खाकरलो, अन् म्हणालो, "जाऊ दे बेटा." सकाळी सांगीन म्हटलं. सकाळी बसस्टँडवरच माह्या आईचा तो फोन आला.

काकाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना होऊन लोक गेल्यावर वर्षाताई मले म्हणे, "आवाज तर खणखणीत होता रे बाबाचा. मले वाटलं बरे आहेत. नाहीतर त्याच दिवशी गाडी घेऊन आली असती." मले राहवलं नाही. सारं सांगून टाकलं.

ती उठली. मले वाटलं मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे पंधरा दिवस मी तुह्याशी बोलली? माह्या बापाले दवाखान्यात न्याचे दिवस तू नक्कल करण्यात घालवले?"

मी सतरंजी गुंडाळाले लागलो.

"अन् ते 'जाऊ दे बेटा'... ते बाबा म्हणले का तू?"

मी तोंड उघडलं. बोलाच्या आधी खाकरलो... ते नेमकं काकासारखंच आलं.

"बंद कर!" ती ओरडली. "त्यायच्या आवाजात नको सांगू. तुले तुहा काही आवाज आहे का नाही? त्यात सांग!"